दादाची मस्टँग : काय ठेवायचं, काय बदलायचं

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीपासून मधुमेहापर्यंत सगळे विषय होऊन गेले आहेत. यंदा आपल्या कार्यवाहांनी मला गाठलं आणि म्हणाले, ‘तुम्ही उन्हाळ्यात अमेरिकेला जाता आणि ग्रीसनं माखलेले हात घेऊन परत येता. त्याबद्दलच बोला की.’ म्हणून आजचा विषय असा : एक जुनी अमेरिकन मोटार घरच्या गॅरेजमध्ये पुन्हा रस्त्यावर आणणं, आणि ती आणताना आजच्या काळाला सोसेल इतकी सुधारणं.

बडोदेकरांना जुन्या मोटारींचं अप्रूप आहेच. २०२३च्या जानेवारीत लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तुमच्यापैकी बरेच जण नातवंडांना घेऊन गेला असाल. पण तिथल्या कित्येक गाड्या राजेरजवाड्यांच्या, एकेकट्या घडवलेल्या. अमेरिकन मोटारीची खरी गोष्ट वेगळी आहे. ती कारखान्यात लाखांनी बनली आणि सामान्य नोकरदाराच्या दारात उभी राहिली. आपल्याकडेही जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली होती. स्वातंत्र्यानंतर कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात डॉज आणि प्लिमथ जुळवल्या जात. ज्येष्ठ मंडळींना त्या लांबरुंद गाड्या आठवत असतील.

मी ज्या गाडीबद्दल बोलणार आहे ती १९६६ सालची फोर्ड मस्टँग. मस्टँग म्हणजे तिकडचा मोकाट रानघोडा. ही गाडी १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांसमोर आली. किंमत ठेवली होती २,३६८ डॉलर. ती एवढी कमी कशी? तर आतून ती फोर्डचीच फाल्कन नावाची साधी घरगुती गाडी होती. सांगाडा, सस्पेन्शन बरंचसं तिचंच, फक्त अंगरखा नवा : लांब बॉनेट, आखूड डिकी, मागे तीन-तीन उभ्या पट्ट्यांचे दिवे. दोन वर्षांच्या आत दहा लाख गाड्या तयार झाल्या. तरुण, शिक्षिका, नुकते नोकरीला लागलेले इंजिनिअर यांनी ती घेतली.

असाच एक इंजिनिअर म्हणजे माझा थोरला भाऊ. आम्ही दोघंही कलाभवनातले. दादा १९६९ साली मिशिगनला गेला आणि तीन वर्षांनी ही गाडी त्यानं जुनी म्हणून विकत घेतली. पुतण्या आणि पुतणी दोघंही जन्मल्यावर दवाखान्यातून याच गाडीतून घरी आले. पुढे मोठी गाडी आली आणि मस्टँग गॅरेजच्या एका बाजूला ताडपत्रीखाली गेली. तिथे ती पंचवीस वर्षांहून जास्त काळ होती. दादा गेल्यावर वहिनींनी घर आवरायला काढलं, तेव्हा प्रश्न आला : हिचं काय करायचं?

पुतण्याचं मत होतं, गाडी उभी करायची तर नवं पाच लिटरचं इंजिन घालू, पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवू, एसी लावू. बाहेरून जुनी, आतून नवी. तिकडे असं करणारे पुष्कळ आहेत. माझं मत उलटं होतं : जसा नट कारखान्यातून आला तसाच नट बसवायचा. असं करणारेही पुष्कळ आहेत. त्यात गंमत अशी की दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं. वाद पुतणीनं संपवला. ती म्हणाली, ‘काका, मला एवढंच सांगा. ही गाडी झाल्यावर मी माझ्या मुलीला मागच्या सीटवर बसवून देवळात नेऊ शकेन का?’ आणि वहिनी म्हणाल्या, ‘यांच्या गाडीचा आवाज वळणावरूनच ओळखू यायचा. तो तेवढा घालवू नका.’

आमच्या पुढच्या चार उन्हाळ्यांचं सगळं काम या दोन वाक्यांत आलं. आम्ही गॅरेजच्या भिंतीला एक मोठा कागद चिकटवला आणि तीन रकाने आखले. पहिला, ठेवायचं. दुसरा, बदलायचंच. तिसरा, बदलायचं पण असं, की उद्या कुणाला वाटलं तर जुनं परत बसवता यावं. प्रत्येक सुटा भाग हातात आला की आधी रकाना ठरवायचा, मग पाना उचलायचा.

आता थोडं गाडीच्या ओळखीबद्दल. जुनी गाडी घेणाऱ्यानं सगळ्यात आधी तिचा नंबर वाचावा. आमच्या गाडीचा नंबर ‘६एफ०७सी’ असा सुरू होतो. सहा म्हणजे १९६६. एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना. आर असता तर सॅन होजेचा, टी असता तर मेटचनचा. शून्य सात म्हणजे पक्क्या छताची दोन दारांची गाडी. आणि सी म्हणजे २८९ घनइंचांचं, म्हणजे सुमारे पावणेपाच लिटरचं व्ही-८ इंजिन, दोन तोंडांच्या कार्ब्युरेटरचं, २०० अश्वशक्तीचं. कागदोपत्री काहीही सांगितलेलं असो, पत्र्यावर ठोकलेला हा नंबर बोलतो. सहा सिलिंडरची गाडी असेल तर चाकाला चार नट असतात, व्ही-८ असेल तर पाच. चार नटांच्या चाकावर कुणी व्ही-८ बसवून विकत असेल तर खाली बसून नीट बघावं. ब्रेक आणि पुढचं सस्पेन्शन त्या वजनाचं नसतं.

दुसरी ओळख गंजाची. मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. आपल्याकडे समुद्रकाठच्या घरातल्या लोखंडाचं जे होतं तेच तिथे गाडीच्या तळाचं होतं. पण मस्टँगची एक दुखरी जागा मिठाशिवायही गंजते. पुढच्या काचेखाली जाळी असते, तिच्यातून हवा आत येते. जाळीखाली पत्र्याची बंद पेटी आहे आणि त्या पेटीत हवेच्या दोन भोकांभोवती टोपीसारख्या उभ्या कडा आहेत. पाऊस आला, पाला साचला की त्या कडा कुजतात आणि पाणी थेट पायाशी गालिच्यावर उतरतं. वरून काही दिसत नाही. तपासायची युक्ती साधी : जाळीवर तांब्याभर पाणी ओता आणि आत वाकून बघा. आमच्या गालिच्याखाली बोट घातलं तर ते जमिनीला लागलं. गॅरेजच्या जमिनीला!

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. अँबॅसिडर किंवा फियाटप्रमाणेच या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, बाजूचे पाट आणि छत मिळूनच सांगाडा होतो. म्हणून तळ कापायच्या आधी दाराच्या चौकटीला आतून लोखंडी नळ्यांचा तात्पुरता टेकू द्यावा लागतो. तो न देता पत्रा काढला तर गाडी मधेच वाकते, आणि नंतर दारं कधीच नीट लागत नाहीत. कारखान्यात पत्रे ठिपक्या-ठिपक्यांनी जोडलेले होते. तो एकेक ठिपका खास गिरमिटानं सोडवायचा, नवा पत्रा बसवायचा आणि त्या भोकांतून वेल्डिंग भरायचं. पहिला अख्खा उन्हाळा यातच गेला. सुदैवाने या गाडीचा प्रत्येक पत्रा आज नवा मिळतो. तळ, मडगार्ड, दारंच काय, अख्खं कोरं शरीरसुद्धा कंपन्या बनवून विकतात. लाखांनी बनलेल्या गाडीचा हा फायदा. दुर्मीळ गाडी घेतलीत तर एका दिव्याच्या काचेसाठी वर्ष जातं.

हत्यारांचीही एक सोय सांगण्यासारखी आहे. तिकडे मोटारीच्या सुट्या भागांची दुकानं मोठी हत्यारं अनामत रकमेवर घरी देतात आणि परत केली की पैसे परत मिळतात. मस्टँगची पुढची स्प्रिंग वरच्या हाताच्या वर, एका उंच कप्प्यात दाबून बसवलेली असते. ती सुटली तर माणसाचा जीव घेईल इतका जोर तिच्यात असतो. ती काढायला खास दाबयंत्र लागतं, ते आम्ही असंच आणलं. आणि गाडीखाली जायचं तर केवळ जॅकच्या भरवशावर कधीही नाही. खाली पक्क्या लोखंडी घोड्या लावायच्या, गाडी हलवून बघायची, मगच आत शिरायचं. हा नियम बडोद्यातही तेवढाच खरा आहे.

आता इंजिन. इतकी वर्षं बंद असलेलं इंजिन किल्ली फिरवून सुरू करायचं नसतं. टाकीतल्या पेट्रोलचा डिंक झालेला असतो. टाकी आणि नळ्या रिकाम्या करायच्या, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडायचं, दोन दिवस मुरू द्यायचं आणि मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हातानं हळूहळू फिरवायचं. आमचं फिरलं. गाडीच्या कप्प्यात दादाची एक वही सापडली. प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल, मैल आणि बदललेलं ऑइल, सगळं मराठी आकड्यांत. शेवटच्या दोन वर्षांत दर हजार मैलांना ऑइल घालावं लागत होतं, हे त्या वहीनंच सांगितलं. म्हणून इंजिन उघडायचं ठरलं. सिलिंडर घासून घेतले, पिस्टनच्या रिंगा नव्या घातल्या.

इंजिनात दोन बदल काळानं करायला लावले. त्या काळी पेट्रोलमध्ये शिसं असायचं आणि त्यामुळे व्हॉल्व्हच्या बैठका झिजत नसत. अमेरिकेत १ जानेवारी १९९६ पासून रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसं घातलेलं पेट्रोल बंद झालं. म्हणून एक्झॉस्टच्या बाजूला कडक पोलादाच्या बैठका बसवल्या. दुसरं म्हणजे आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं, ते जुन्या रबराला खातं. म्हणून इंधनाच्या सगळ्या नळ्या आणि पंपाचा पडदा नवा. हे ऐकून तुम्हाला आपल्याकडची इथेनॉलची चर्चा आठवेल. ज्यांच्या घरी जुनी लँब्रेटा किंवा फियाट आहे त्यांनी आधी रबरी नळी तपासावी, एवढं सांगतो. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट काढून त्याच झाकणाखाली मावणारं छोटं इलेक्ट्रॉनिक यंत्र बसवलं. बाहेरून काही कळत नाही, आणि जुने पॉइंट परत लावायला अर्धा तास पुरतो. हा तिसऱ्या रकान्याचा नमुना. आणि २८९चं इंजिन, त्याचा कार्ब्युरेटर, मागचे दोन सायलेन्सर पहिल्या रकान्यात. वहिनींचा आवाज तिथे होता.

आता दुसऱ्या रकान्याकडे येतो, आणि इथेच माझ्या भाषणाचा गाभा आहे.

१९६५ साली राल्फ नाडर या तरुण वकिलाचं एक पुस्तक अमेरिकेत गाजलं. मोटारी बनवणारे दिसण्यावर पैसा ओततात आणि आत बसलेल्या माणसाच्या जिवाकडे बघत नाहीत, असा त्याचा आरोप होता. १९६६च्या सप्टेंबरात तिथे मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. आमची गाडी त्याच वर्षीची, पण कायद्याच्या आधीची. म्हणजे ती जशी होती तशी जपायची म्हटलं तर तिच्यातला निष्काळजीपणाही जपावा लागतो.

उदाहरण ब्रेकचं घ्या. १९६६च्या मस्टँगला ब्रेक ऑइलचं एकच भांडं आहे आणि चारही चाकांना तिथूनच नळ्या जातात. एक नळी फुटली की पेडल तळाला जातं आणि चारही चाकं मोकळी. १९६७च्या मॉडेलपासून दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आला. पुढची बाजू गेली तरी मागची धरते. एका वर्षाचा फरक, पण केवढा! आम्ही दोन कप्प्यांचा सिलिंडर बसवला, पुढच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क लावल्या आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचा जोर जुळवणारा व्हॉल्व्ह घातला. तो घातला नाही तर जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी अडकतात आणि गाडी गरकन फिरते. पुढे डिस्क त्या काळीही जादा पैसे देऊन मिळत होत्या, त्यामुळे गाडीच्या जातीला ते परकं नाही.

दुसरं उदाहरण पेट्रोलच्या टाकीचं. या गाडीत टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ आहे. डिकी आणि मागची सीट यांच्यामध्ये काय? तर पुठ्ठा. मागून कुणी धडकलं तर पेट्रोल आणि मागच्या सीटवरचं मूल यांच्यामध्ये एक पुठ्ठा! पुतणीचा प्रश्न मला त्या दिवशी डिकीत डोकं घालून बसल्यावर पुरता कळला. आम्ही तिथे पोलादाचा पत्रा बसवला आणि कडा बंद केल्या. तो कुणाला दिसत नाही. कुठल्या प्रदर्शनात त्याला गुण मिळणार नाहीत.

पट्टे मूळचे फक्त कमरेचे होते. पुढे खांद्यावरून येणारे पट्टे लावले, त्यासाठी खांबात आतून जाड पट्टी वेल्ड करून घेतली. नुसत्या पत्र्यात स्क्रू पिळून पट्टा लावला तर तो शोभेचाच. वायरिंग सगळं नवं केलं, कारण साठ वर्षांच्या वायरीचं आवरण हातात भुगा होऊन येतं. पुढच्या दिव्यांचा सगळा भार डॅशबोर्डच्या बटणावर होता, तो रिले लावून कमी केला. टायर रेडियल घेतले.

एवढं करूनही गाडी आजच्या अर्थानं सुरक्षित झाली का? नाही. एअरबॅग नाही, धडक शोषून घेणारी पुढची बाजू नाही. स्टिअरिंगचा दांडा अखंड भाल्यासारखा समोरून छातीकडे येतो. म्हणून पुतणीनं स्वतःच मर्यादा घातली : गाडी हायवेवर न्यायची नाही, रात्री न्यायची नाही, पावसात न्यायची नाही. रविवारी सकाळी गावातल्या रस्त्यानं देवळात जायचं आणि परत यायचं. जुन्या गाडीचा मालक तिला नवी समजून चालवू लागला की सुधारणेचाच तोटा होतो. चांगले ब्रेक लावल्यावर पाय अधिक जपूनच ठेवावा लागतो.

आता पहिला रकाना, ठेवायचं. रंग मूळचा, फिकट निळा. मोठं बारीक स्टिअरिंग तेच. रेडिओ तोच, एकाच पट्ट्याचा. डॅशबोर्डवर डाव्या बाजूला वहिनींच्या पाटल्या घासून पडलेल्या बारीक रेघा होत्या. रंगकाम करणाऱ्यानं त्या पुसायला पॉलिशचं यंत्र उचललं, तेव्हा पुतण्यानं त्याचा हात धरला. आधी नवं इंजिन मागणारा तोच पुतण्या! काढलेला प्रत्येक जुना भाग, अगदी तो पुठ्ठासुद्धा, चिठ्ठी लावून खोक्यात ठेवला आहे. दादाच्या वहीतच पुढची पानं आम्ही लिहीत गेलो, त्यात कुठला भाग का बदलला हेही आहे. तीस वर्षांनी कुणी गाडी उघडली तर त्याला आमच्या मनातलं कळावं.

खर्चाचा प्रश्न नंतर कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. गाडीची किंमत आणि तिच्यावरचा खर्च यांचा हिशोब जुळत नाही, जुळवूही नये. एका उन्हाळ्याचं काम म्हणून सुरू केलं आणि चार उन्हाळे लागले. नफ्यासाठी करायचं असेल तर दुसऱ्यानं पूर्ण केलेली गाडी घेणं स्वस्त पडतं.

आपल्याकडचं काय? २०२१ साली केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी मोटार वाहन नियमांत भर घातली. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते आणि तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. पण अट आहे : चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठी फेरफार झालेली नसावी. म्हणजे आमचे तीन रकाने इथेही उपयोगी पडतील. ज्यांच्या वाड्यात, बंगल्यामागे आजोबांची फियाट, अँबॅसिडर किंवा जावा मोटारसायकल उभी आहे, त्यांना माझी विनंती आहे : भंगारवाल्याला देण्याआधी आणि डेंटिंग-पेंटिंगला टाकण्याआधीही आधी नंबर वाचा, फोटो काढा, कागद शोधा. आणि घरातल्या सगळ्यांना विचारा की या गाडीतलं तुम्हाला काय आठवतं. रंग कुठला होता हे पत्रा सांगेल. काय जपायचं हे माणसंच सांगतील.

आपली घराणी बडोद्यात कित्येक पिढ्या आहेत. आपल्या बोलण्यात, ताटात, सणांत किती बदललं आणि तरी काय राहिलं, हा हिशोब आपण रोजच करतो. त्यामुळे या तीन रकान्यांची ओळख मी तुम्हाला वेगळी करून द्यायला नको.

वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. चौथ्या उन्हाळ्यात गाडी पहिल्यांदा गल्लीतून फिरवून आणली. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. आम्ही वळणावर आलो तेव्हा त्या दार उघडून पायरीवर उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. पुतणीच्या मुलीला तिच्या लहान मुलांच्या खुर्चीत पट्ट्यांनी नीट बांधलं, स्वतः दोनदा ओढून पाहिलं, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

ज्यांना आपल्या गाडीबद्दल काही विचारायचं असेल त्यांनी आरतीनंतर थांबावं. गणपती बाप्पा मोरया!